फाल्गुनातली पाने, श्रावणातले गवत : बाग-देखभालीतील कचऱ्याविषयी प्रस्तावना

बाग राखणे हे मोठ्या अंशी काढून टाकण्याचे काम आहे. लावणी वर्षातून काही दिवसांची. गवत कापणे, फांद्या छाटणे, तण उपटणे, पाने झाडणे ही कामे मात्र बारमाही. म्हणून बागेची देखभाल करणारा माळी किंवा कंत्राटदार संध्याकाळी निघतो तेव्हा मागे नीटनेटकी हिरवळ असते आणि तिच्या कडेला एक ढीगही असतो. हिरवळ सगळ्यांना दिसते, ढिगाकडे कोणी पाहत नाही. तो पेटवला तर धूर होतो, नाल्याच्या काठी नेऊन टाकला तर पावसाळ्यात नाला तुंबतो, नगरपालिकेच्या गाडीत चढवला तर गावाबाहेरच्या कचरा डेपोची उंची वाढते. तोच ढीग बागेच्या एका कोपऱ्यात कुजला तर पुढच्या हंगामाचे खत होते. माल एकच असला तरी त्याची गत काय व्हावी हे देखभालीच्या रीतीवर ठरते.

उदाहरण म्हणून नागरा घेऊ : गोंदिया तालुक्यातले, गोंदिया शहराजवळचे हे गाव. तिथले प्राचीन शिवमंदिर आणि महाशिवरात्रीची यात्रा पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा धानाचा आणि तलावांचा. बांध्यांमध्ये धान, उंचवट्यावर मोह, पळस आणि साग, घरामागच्या वाडीत दोडके, वाल आणि मिरची, अशी इथल्या हिरवाईची ठेवण. शहराजवळच्या अशा गावांत दोन प्रकारच्या बागा शेजारी शेजारी नांदतात. घरामागची वाडी जुनी. तिचा कचरा शेणासोबत उकिरड्यावर जातो आणि उन्हाळ्यात शेतात पडतो. शाळा, दवाखाने, मंगल कार्यालये आणि नवे लेआउट यांच्या बागा नव्या. तिथे लॉन असते, शोभेची झुडपे असतात, पण गोठा नसतो आणि उकिरड्याची जागाही आखलेली नसते. वाडीच्या बाबतीत कचऱ्याचा प्रश्न कधी पडला नाही, कारण तिथे त्या वस्तूला कचरा म्हणतच नव्हते. प्रश्न नव्या बागांचा आहे, आणि त्याचे बरेचसे उत्तर जुन्या वाडीत मिळते.

बागेतून निघणाऱ्या वस्तूंचे चार वर्ग पडतात. पहिला सुक्या पानांचा आणि वाळल्या गवताचा. यात कर्ब भरपूर आणि नत्र थोडे. दुसरा ओल्या हिरव्या मालाचा : लॉनचे कापलेले गवत, कोवळे तण, कुंपणाच्या मेंदीची कोवळी छाटणी, उतरलेली फुले. यात नत्र आणि पाणी जास्त. तिसरा लाकडाचा : फांद्या, काटक्या, नारळाच्या झावळ्या, बांबूचे तुकडे. चौथा न कुजणाऱ्या वस्तूंचा : रोपवाटिकेच्या काळ्या पिशव्या, फुटक्या कुंड्या, सुतळीऐवजी वापरलेल्या नायलॉनच्या दोऱ्या, औषधांच्या रिकाम्या बाटल्या. पहिल्या तिन्हींचे खत होते, वेग मात्र वेगळा. चौथ्या वर्गातली एखादी वस्तू त्यांत मिसळली की सगळा ढीग बिघडतो. म्हणून या व्यवसायात पुढचे सारे काही एका सवयीवर उभे आहे. ज्या टोपल्यात पान जाते त्यात पिशवी जायची नाही. वेगळे काढण्याचे काम झाडतानाच व्हायला हवे; ढीग झाल्यावर तो निवडत बसायला कोणाला वेळ नसतो.

कुजणे हे सूक्ष्म जिवांचे काम आहे. त्यांना कर्ब लागतो तो ऊर्जेसाठी आणि नत्र लागते ते शरीर वाढवण्यासाठी. ढिगात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण 25 ते 30 ला 1 असेल तर काम झपाट्याने चालते. सुक्या पानांत हे प्रमाण सहसा 50 ला 1 किंवा त्याहूनही जास्त असते, धानाच्या तणसीतही तसेच. कापलेल्या कोवळ्या गवतात ते 15 ते 25 ला 1 इतके उतरते आणि शेणात त्याच्या आसपास राहते. म्हणून नुसत्या पानांचा ढीग वर्षभर तसाच पडून राहतो. नुसत्या गवताचा ढीग दोन दिवसांत तापतो, चिकट होतो आणि आंबूस वास सोडतो. त्यात हवा उरत नाही. दोन्ही एकत्र आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. मुठीत घेऊन दाबल्यावर पाण्याचा एखादा थेंब बोटांतून डोकावावा, ओघळू नये, इतकी ओल पुरेशी असते. अशा ढिगाचे पोट काही दिवसांत 55 ते 65 अंश सेल्सियसपर्यंत तापते. तणांचे बरेचसे बी आणि रोगांचे बरेचसे जंतू त्या उष्णतेत मरतात.

पूर्व विदर्भात खरी अडचण पंचांगाची आहे. साग, मोह, कडुनिंब, पिंपळ आणि करंज यांची पानगळ माघापासून चैत्रापर्यंत चालते. त्या दिवसांत बाग सकाळी झाडावी आणि दुपारी पुन्हा झाडावी लागते. पुढे वैशाखात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि लॉन जगवण्यापुरतेच पाणी मिळते. कापायला गवत नसते. मृगानंतर चित्र उलटते. आषाढ, श्रावण आणि भाद्रपदात गवत दर आठवड्याला कापावे लागते, तण उपटून संपत नाही, पण कोरडे पान औषधालाही सापडत नाही. कोरडा माल फाल्गुनात आणि हिरवा माल श्रावणात, मध्ये चार-पाच महिन्यांचे अंतर. जिथे हे अंतर सांधता येत नाही तिथे फाल्गुनात पाने जळतात आणि श्रावणात गवत सडते. ते दोन प्रकारे सांधता येते. पानगळीच्या दिवसांत हिरव्या मालाच्या जागी शेण वापरायचे हा एक प्रकार. उरलेली पाने पावसाळ्यासाठी राखून ठेवायची हा दुसरा. जुन्या वाडीत गोठा असल्यामुळे पहिली सोय आपोआप होत असे. नव्या बागेला शेण शेजारच्या गोठ्यातून मागवावे लागते आणि पाने ठेवायला आडोसा करावा लागतो. बागेच्या देखभालीचा करार करताना या दोन गोष्टी आधीच ठरल्या तर कचऱ्याचा निम्मा प्रश्न तिथेच संपतो.

पाने साठवणे म्हणजे त्यांना पाऊस आणि काडी या दोन्हींपासून जपणे. बांबूच्या तट्ट्यांचा किंवा तारेच्या जाळीचा चार हात व्यासाचा उभा गोल, त्यावर ताडपत्री, एवढे त्याला पुरते. सागाच्या पानांची एक खोड मात्र ध्यानात ठेवावी लागते. ती रुंद आणि जाड असल्याने पत्रावळीसारखी एकावर एक बसतात. वरून कितीही पाणी मारले तरी ते बाहेरच्या बाहेर ओघळते आणि गठ्ठ्याच्या आतली पाने कोरडी ठणठणीत राहतात. उन्हाने कडक झाली असताना ती पायाखाली तुडवून किंवा काठीने झोडपून चुरली की जागाही कमी लागते आणि पुढे पाणीही झिरपते. कडुनिंब, करंज आणि शिरीष यांची पाने लहान असल्याने त्यांना हा उपद्व्याप लागत नाही.

पान पेटवण्याची सवय आळसातूनच आली असे म्हणणे अन्यायाचे होईल. कोकणात आणि ठाण्याच्या बाजूला भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पाला, काटक्या आणि शेण पसरून जमीन भाजली की तणांचे बी मरते आणि राखेतून पालाश मिळते. पूर्व विदर्भात चैत्रात मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटवतात. स्वच्छ जमिनीवर पडलेले फूल चटकन दिसते. या दोन्हींमागे व्यवहार आहे. तरी त्यांची किंमत मोठी पडते. जाळल्यावर पानातला कर्ब आणि बहुतेक सारे नत्र हवेत जाते, मातीला मिळते ती मूठभर राख. मोहाखालची आग वाऱ्याने सरकली की वणवा होतो. म्हणून झाडाखाली जाळे किंवा कापड अंथरून फुले गोळा करण्याचा मार्ग सुचवला जातो. बागेत तर राबाचेही कारण नसते आणि मोहफुलांचेही. तिथे पान जळते ते फक्त नजरेआड व्हावे म्हणून. धुराचा त्रास सर्वांत आधी भोगतो तो ढिगाजवळ उभा असलेला माळी.

पानांच्या खताची शास्त्रशुद्ध घडण भारतात झाली आणि तिच्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. इंदूर येथे 1924 मध्ये उभ्या राहिलेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्यासह शेतातल्या टाकाऊ मालाचे खत करण्याची रीत बसवली. दोघांनी मिळून लिहिलेले पुस्तक 1931 मध्ये निघाले आणि इंदूर पद्धत जगभर गेली. तिची मुळे इथल्या शेतकऱ्याच्या अनुभवात होतीच. त्यात भर पडली ती थरांची, ओलीची आणि ठराविक दिवसांनी ढीग पालटण्याची. एक बारकावा नागऱ्यासारख्या जास्त पावसाच्या प्रदेशाला आजही लागू पडतो. कोरड्या दिवसांत खड्डा चालतो, पावसाळ्यात मात्र ढीग जमिनीच्या वर रचावा. धानाच्या मुलखात पाणी बांधीत थांबावे म्हणून सारी धडपड असते. त्याच जमिनीत खणलेला खताचा खड्डा श्रावणात डबके होतो आणि त्यातला माल कुजण्याऐवजी नासतो.

दुसरी रीत विदर्भातलीच. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे गांधीवादी कार्यकर्ते नारायण देवताव पांढरीपांडे यांनी ती विकसित केली आणि त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती नाडेप म्हणून ओळखली जाते. थोड्या शेणात जास्त खत हे तिचे वैशिष्ट्य. घरोघरची गुरे कमी झालेल्या आजच्या काळात, आणि ज्यांच्याकडे गुरे कधी नव्हतीच अशा संस्थांच्या बागांत, तीच तिची खरी उपयुक्तता ठरते. नाडेप टाके जमिनीच्या वर असते. आतून 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच. भिंत विटांची, 9 इंच जाडीची, आणि हवा खेळावी म्हणून तिच्यात ठराविक अंतरावर सोडलेली भोके. तळ धुम्मस करून पक्का केलेला. एका टाक्याला साधारण 1400 ते 1500 किलो काडीकचरा आणि पाला, 90 ते 100 किलो शेण, सुमारे 1750 किलो चाळलेली कोरडी माती आणि 1500 ते 2000 लिटर पाणी लागते.

भरण्याचे काम एका दिवसात, फार तर दोन दिवसांत आटोपायचे असते. आधी आतल्या भिंतींवर आणि तळावर शेणकाल्याचा सडा. मग सहा इंचांचा पाल्याचा थर. त्यावर 4-5 किलो शेण सव्वाशे-दीडशे लिटर पाण्यात कालवून शिंपायचे. पाला नीट भिजला पाहिजे. त्यावर पन्नास-साठ किलो माती पसरून पुन्हा पाणी. याच क्रमाने थरावर थर चढत जातात. भिंतीच्या वर दीड फूट, झोपडीच्या छपराच्या उताराचा आकार आला की शेणमातीने लिंपून टाके बंद करायचे. पंधरा-वीस दिवसांत माल आठ-नऊ इंच खाली बसतो. तेव्हा त्याच क्रमाने पुन्हा भरून लिंपायचे. लिंपणाला भेगा पडल्या की बुजवायच्या, वरून शेणपाणी शिंपडत राहायचे. वैशाखाच्या उन्हात हे शिंपडणे चुकले तर कुजणे थांबते. टाक्यावर तणसीचे किंवा पळसाच्या डहाळ्यांचे छप्पर घातले तर पाणी कमी लागते. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते आणि एका टाक्यातून सुमारे तीन टन निघते. फाल्गुनाच्या अखेरीस भरलेले टाके आषाढात, नेमके रोपे लावायच्या वेळी, उघडता येते. रोजगार हमी योजनेतून अशी टाकी बांधता येतात, त्यामुळे बांधकामाचा खर्च ही पहिली अडचण गावपातळीवर सुटू शकते.

दीडशे चौरस फुटांच्या घरगुती बागेला एवढे टाके नको. तिथे तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच ढीग पुरतो. त्याहून लहान ढीग तापत नाही. खाली काटक्यांची बैठक, त्यावर आलटून पालटून सुके आणि हिरवे, मध्ये मूठ-मूठ जुने खत किंवा बागेतली माती. दर पंधरा दिवसांनी तो पालटायचा. ज्यांना पालटण्याचे कष्ट नकोत त्यांनी नुसती पाने ओली करून जाळीत दाबून ठेवावीत. वर्षभराने तळाशी काळी, भुसभुशीत पानमाती मिळते. तिच्यात नत्र कमी असते, पण कुंडीतली माती हलकी आणि ओलसर ठेवण्यात तिला तोड नाही. गांडूळखत हा त्यापुढचा टप्पा. गांडुळे तापता ढीग सहन करत नाहीत. अर्धवट कुजून थंड झालेला माल, दाट सावली आणि सतत ओल असेल तरच ती टिकतात. गोंदियाच्या उन्हाळ्यात गांडुळांचे वाफे उघड्यावर ठेवणे म्हणजे गांडुळे मारणे. मुंग्यांपासून राखण्यासाठी वाफ्याभोवती पाण्याची चारी करतात.

खत करण्याआधी विचारायचा एक प्रश्न अनेकदा राहून जातो : ही वस्तू जागेवरून हलवण्याची गरज आहे का? लॉनचे गवत एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त न कापता, वेळच्या वेळी कापले तर कात्रण पात्यांच्या खाली जाऊन दिसेनासे होते आणि आठ-पंधरा दिवसांत मातीत मिसळते. लॉनला घालावे लागणारे काही नत्र त्यातून परत मिळते. झुडपांच्या बुडाशी चार बोटे पानांचे आच्छादन घातले तर उन्हाळ्यात पाण्याची पाळी लांबते, पावसाळ्यात माती धुपत नाही आणि तण डोके वर काढत नाही. आच्छादन खोडाला टेकवायचे नाही, एवढी खबरदारी घ्यावी. झाडांखालची प्रत्येक जागा झाडून लाल माती उघडी ठेवणे हे स्वच्छतेचे लक्षण मानले जाते. अंगणाला ते शोभते, झाडाच्या मुळांना मात्र सोसत नाही. किती झाडायचे आणि कुठे थांबायचे हे ठरवणे हाही देखभालीचाच भाग.

फांद्यांचा हिशेब वेगळा. मनगटाएवढ्या जाडीचे लाकूड सरपण म्हणून लगेच उचलले जाते. अंगठ्याएवढ्या सरळ काठ्या वालाच्या आणि दोडक्याच्या वेलांना आधार देतात, मांडवाला लागतात. काटेरी डहाळ्यांची कुपाटी होते. राहतात त्या बारीक काटक्या. त्या हातभर तुकडे करून ढिगाच्या तळाशी घातल्या तर हवा खेळती राहते. कुजल्या नाहीत तर चाळून पुढच्या ढिगात पुन्हा तळाशी जातात. मोठ्या संस्थेत छाटणीचा माल जास्त असेल तर तुकडे करणारे यंत्र उपयोगी पडते, पण ते वर्षातून पंधरा दिवस चालते. चार-पाच संस्थांनी मिळून भाड्याने आणणे त्याहून शहाणपणाचे. रोपांना लोखंडी जाळीऐवजी बुरुडाकडून विणून घेतलेले बांबूचे कठडे लावले तर दोन-तीन वर्षांनी तेही ढिगातच जिरतात.

सगळीच हिरवी वस्तू ढिगात घालण्याजोगी नसते. गाजर गवत फुलण्याआधी उपटले तर त्याचे चांगले खत होते. फुलल्यावर त्याच ढिगातून बी बागभर पसरते. हराळीची मुळे आणि लव्हाळ्याच्या गाठी अर्धवट तापलेल्या ढिगात जिवंत राहतात, म्हणून त्या आधी उन्हात कडक वाळवाव्या लागतात. तलावाकाठी आणि नाल्यांवर माजणाऱ्या बेशरमाला हे नाव उगीच मिळालेले नाही. त्याची कापलेली कांडी ओल्या मातीवर पडली की तिथेच मूळ धरते. ती ढिगात टाकायची तर पूर्ण वाळवूनच. तलावातून काढलेल्या जलपर्णीत पाणी फार असते. काठावर आठवडाभर सुकवून सुक्या पानांबरोबर घातली तर ती उत्तम हिरवा माल ठरते. रोगट झाडाचे अवशेष आणि नुकते तणनाशक फवारलेले गवत ढिगापासून लांब ठेवावे. धानगिरण्यांचा तूस इथे मुबलक मिळतो, पण त्यात सिलिका भरपूर असल्याने तो लवकर कुजत नाही. माती भुसभुशीत करायला तो थोडा वापरावा. त्याच्यापासून खताची अपेक्षा ठेवू नये.

नागऱ्यात आणखी एक हिरवा माल ठराविक दिवशी येतो, तो म्हणजे निर्माल्य. महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार या दिवशी महादेवाच्या मंदिरात बेलाची पाने, धोत्रा, झेंडू आणि रुईची फुले मोठ्या प्रमाणात जमा होतात. ते वाहत्या पाण्यात सोडण्याची जुनी रीत आहे. लोकसंख्या थोडी आणि निर्माल्य निखळ फुलापानांचे होते तेव्हा तिच्यावर भागत होते. आता हारांत प्लास्टिकची दोरी आणि चकचकीत कागद असतो, अगरबत्तीची वेष्टने सोबत येतात. म्हणून मंदिराच्या आवारात निर्माल्यासाठी वेगळे कुंड आणि दोरी कापून टाकण्यासाठी शेजारी वेगळी टोपली, इतकी साधी मांडणी बरेच काम करते. महाशिवरात्र नेमकी पानगळीच्या दिवसांत येते. कोरड्या पानांना हव्या असलेल्या ओल्या मालाचा काही वाटा त्या दिवशी देवाच्या दारातच मिळतो. तयार खत मंदिराच्या बेलाला आणि फुलझाडांना परत घातले तर भाविकांच्या भावनेलाही धक्का लागत नाही.

न कुजणाऱ्या वस्तूंचा ढीग लहान असतो, पण डोकेदुखी मोठी. रोप लावताना काळी पिशवी ब्लेडने उभी चिरून पूर्ण काढायची; काही माळी ती तळाशी तशीच ठेवतात आणि मुळे वळसे घेत राहतात. सरळ चिरलेल्या, धुतलेल्या पिशव्या भंगारात जातात. कडक कुंड्या आणि ट्रे रोपवाटिका परत घेऊ शकते. फुटक्या मातीच्या कुंड्यांचे तुकडे नव्या कुंडीच्या छिद्रावर ठेवायला लागतात. करवंट्या आणि रिकाम्या कुंड्या पालथ्या ठेवल्या नाहीत तर पावसाळ्यात डासांची सोय होते. कीटकनाशकांचे डबे मात्र भंगारातही द्यायचे नाहीत आणि घरात पाणी भरायलाही वापरायचे नाहीत. तीनदा धुऊन ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतायचे, डब्याला भोक पाडायचे आणि तो वेगळा सुपूर्द करायचा.

कायद्याची चौकट या सवयींच्या मागाहून आली. अलमित्रा पटेल यांच्या 1996 च्या याचिकेतून शहरी कचऱ्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि 2000 मध्ये देशात पहिले नियम झाले. 8 एप्रिल 2016 रोजी अधिसूचित झालेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बागेच्या कचऱ्याचा स्वतंत्र उल्लेख केला. तो आपल्याच आवारात वेगळा साठवावा आणि स्थानिक संस्थेच्या निर्देशांप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी, रस्त्यावर, नाल्यात किंवा पाण्यात टाकू नये आणि उघड्यावर जाळू नये, असा त्यांचा रोख होता. कीटकनाशकांचे डबे त्यांनी घरगुती घातक कचऱ्यात घातले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला 25,000 रुपये भरपाई ठरवली. झाडाच्या तोडीला वेगळे कायदे आहेत : शहरी भागासाठी 1975 चा वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम, आणि साग, मोह, आंबा, चिंच अशा अनुसूचित वृक्षांसाठी 1964 चा वृक्षतोड नियमन अधिनियम. छाटणी कुठे संपते आणि तोड कुठे सुरू होते हे बागेच्या कंत्राटदाराने आधी समजून घेतलेले बरे. गावांत 2000-01 पासून चाललेले संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणि 2014 पासूनचे स्वच्छ भारत अभियान ही प्रोत्साहनाची बाजू. गाडगेबाबांच्या हातात खराटा असे. खराट्याने जमवलेल्या ढिगाचे पुढे काय, हा त्याच कामाचा उत्तरार्ध.

सेवेच्या व्यवहारात याचा अर्थ करारातल्या चार ओळींपुरता आहे. बहुतेक करारांत कचरा उचलण्याचा उल्लेख असतो, पण तो कुठे जाणार हे लिहिलेले नसते. मजुरी फेऱ्यांवर मोजली तर जास्त कचरा बाहेर नेणाऱ्याला जास्त पैसे मिळतात आणि जागेवर जिरवणाऱ्याचे नुकसान होते. त्याऐवजी खताची जागा, शेणाचा पुरवठा, जाळण्यास मनाई आणि तयार खतावरची मालकी या गोष्टी लिहून ठेवल्या तर माळ्याला ढीग राखण्यात रस राहतो. वजनकाटा नसला तरी बाहेर गेलेली पोती आणि चाळून निघालेली घमेली वहीत मांडता येतात. दोन वर्षांच्या नोंदींतून देखभाल सुधारली की नाही ते दिसते. ज्या बागेत जागाच नाही तिथे दुसऱ्याच्या जागेचा आधार घ्यावा लागतो. पुण्यात अदिती देवधर यांनी 2016 मध्ये सुरू केलेल्या ब्राउन लीफ या उपक्रमाने हीच सांधेजोड केली. ज्यांच्याकडे पाने नकोशी झाली आहेत त्यांची गाठ ज्यांना बागेसाठी पाने हवी आहेत त्यांच्याशी घालून दिली. पुण्यात यासाठी ओळख करून द्यावी लागली. नागऱ्यासारख्या गावात पाने देणारी संस्था आणि घेणारी वाडी एकाच रस्त्यावर असतात. पानांची पोती तिकडे आणि शेणाची टोपली इकडे, असा अदलाबदलीचा व्यवहार पैशाशिवाय जमतो.

या रीतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पानांच्या ढिगात विंचू आणि साप आसरा घेतात. तो घराच्या भिंतीपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावा आणि हात घालण्याआधी दाताळ्याने हलवावा. कोरड्या लाकडाला वाळवी लागते, म्हणून ते दारे-खिडक्यांजवळ रचू नये. कच्चे शेणखत आणि अर्धवट कुजलेला पाला मातीत घातला तर हुमणीला आमंत्रण मिळते. शिवाय कुजण्याचे उरलेले काम मुळांजवळ सुरू होऊन रोपांच्या वाट्याचे नत्र तिकडे खर्ची पडते आणि पाने पिवळी होतात. म्हणून खत पिकले की नाही हे ओळखता आले पाहिजे. पिकलेले खत गडद तपकिरी, भुसभुशीत आणि हाताला थंड असते. त्यात पानाची शीर ओळखू येत नाही आणि पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास येतो. शंका असेल तर ओले खत घट्ट पिशवीत तीन-चार दिवस बंद ठेवावे. उघडल्यावर आंबूस वास आला तर ढिगाला आणखी वेळ हवा.

असे खत जाड जाळीतून चाळून घेतात. जाळीवर राहिलेल्या काड्या पुढच्या ढिगाच्या तळाशी जातात, खाली पडलेला चुरा मृगाच्या सरींनंतर झाडांच्या आळ्यांत दोन बोटे पसरून मातीत हलकेच मिसळतात, कुंड्यांत तीन भाग मातीला एक भाग या बेताने घालतात. टाके रिकामे होते तोवर लॉन हिरवे झालेले असते आणि कापणी सुरू होते. ताडपत्रीखाली राखलेली फाल्गुनातली पाने तेव्हा बाहेर काढायची आणि श्रावणातल्या गवताबरोबर थर लावायला घ्यायचे.